सी ड्राइव्हचं वावर

घाटावर असो की घाटाखाली, बुलढाणा जिल्ह्यात कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्यावर वर्षानुवर्षं एकच इलाज चालत आला आहे. मशीन हळू चालतंय? फॉरमॅट मारा. व्हायरस शिरला? फॉरमॅट मारा. प्रिंटर ऐकत नाही, गाणं अडखळतं, पत्त्यांचा डाव मध्येच बंद पडतो? एकदा फॉरमॅट मारून तर पाहू. दुसऱ्या कोणत्याही यंत्राच्या नशिबी असा एककलमी कारभार आलेला नाही. विहिरीवरची मोटार बंद पडली तर माणूस आधी फ्यूज पाहतो, मग स्टार्टर पाहतो, मग वायंडिंग जळाल्याचा वास येतो का ते पाहतो. मोटार विहिरीत टाकून नवी बसवा, असं पहिल्या वाक्यात कोणी म्हणत नाही.

हा इलाज तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या आसपासच्या एखाद्या गाळ्यात होई. काळ धरा २००४ ते २०१० च्या मधला. काउंटरवर तीन-चार सीपीयू कुशीवर निजलेले, पोटं उघडी. भिंतीवर एमएस-सीआयटीच्या प्रवेशाचं पोस्टर. टेबलावर एक स्क्रूड्रायव्हर, एक रंगाचा ब्रश, एक ब्लोअर आणि मार्करने ‘एक्सपी’ लिहिलेली, ओरखड्यांनी भरलेली सीडी. मेकॅनिक पोरगा आधी डबा उघडून ब्रश फिरवी, मग ब्लोअर मारी. खामगाव-मलकापूरकडच्या, म्हणजे कापसाच्या मुलखातल्या मशीनमधून जे निघे त्याला नुसती धूळ म्हणणं अन्यायाचं होईल. जिनिंगच्या रस्त्यावरच्या दुकानातला पंखा कापसाची बोंडंच्या बोंडं वेचून बसलेला असे. तेवढं झटकलं की वैशाखात तापून बंद पडणारं मशीन निम्मं बरं होई. पण झटकण्याचे पैसे कोणी देत नाही. म्हणून मग फॉरमॅट. काम ब्रशचं आणि श्रेय सीडीचं.

गाळ्यापर्यंत जायचं नसेल तर दुसरी सोय नात्यातच असे. शेगावचं संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून इंजिनिअर घडवत आहे. तिथे किंवा पुण्या-औरंगाबादेत शिकणारं पोरगं दिवाळीला घरी आलं की ‘याले कॉम्प्युटरचं येते’ एवढ्या एका शिफारशीवर त्याला चार घरी नेलं जाई. पोरगं सिव्हिल शाखेचं असलं तरी सुटका नसे. फराळाची ताटली एका हातात आणि एक्सपीची सीडी दुसऱ्या हातात, अशी एका अख्ख्या पिढीची भाऊबीज झालेली आहे.

त्यात लाइनचा प्रश्न. ती वर्षं भारनियमनाची. एक्सपी टाकताना पहिली निळी पाटी येई; तिथे एफ-८ दाबून एक लांबलचक करार मान्य करायचा. हा करार वाचलेला माणूस जिल्ह्यात कोणाच्या ऐकिवात नाही. मग जुना भाग पुसायला डी दाबायचं, खात्रीसाठी पुन्हा एल दाबायचं, नवा भाग आखायचा, फॉरमॅट करायचा. मशीन एकदा बंद होऊन सुरू झालं की डाव्या कोपऱ्यात अक्षरं उमटत: अंदाजे ३९ मिनिटं बाकी. या ३९ मिनिटांचा घड्याळातल्या मिनिटांशी संबंध नसे. ती कधी भराभर उतरत, कधी ३४ वर येऊन पाय पसरून बसत. इकडे घरातल्या जाणत्यांचं लक्ष वेगळ्याच वेळापत्रकावर. ‘एक वाजता लाइन जाते, होते काय तवरक?’ बहुधा होत नसे. मग लाइन यायची वाट पाहत पोरगा जेवायला बसे, आणि लाइन आल्यावर पुन्हा करारापासून सुरुवात.

पण एवढं करून त्या डब्यात नेमकं काय होई? गावाकडच्या माणसाला हे समजावून सांगणं अवघड नाही, कारण हा सगळा व्यवहार वावराचा आहे.

कोरी हार्ड डिस्क म्हणजे धुरे नसलेली जमीन. आत आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात आणि त्यांवर गोल गोल तासं पाडलेली असतात. ती कारखान्यातच पडतात. त्याला खालच्या पातळीचं फॉरमॅटिंग म्हणतात आणि आजच्या डिस्कवर ते घरी करता येत नाही. सुरुवातीच्या काळात ही जमीन फार महाग होती. १९५६ साली आयबीएमने रामॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क आणली. तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या, आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावत. सकाळी येणारा सुविचाराचा एखादा व्हिडिओही आज एवढ्या जागेत दाटीवाटीने बसेल.

जमीन हाती आली की पहिलं काम धुरे घालण्याचं. यालाच पार्टिशन म्हणतात. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या कप्प्यात या वाटण्यांची नोंद राहते. त्यातले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, शेवटचे २ बाइट खुणेच्या शिक्क्याला, आणि मधले ६४ बाइट वाटणीपत्राला. एका हिश्शाची नोंद १६ बाइटची. हिशेब करा: चारच हिस्से. चार भावांपर्यंत ठीक, पाचवा आला की पंचाईत. त्यावर तोडगा काढला तो कोणत्याही तलाठ्याला पटण्यासारखा. चारांपैकी एकाने स्वतःचा हिस्सा ‘विस्तारित’ म्हणून मोकळा सोडायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या पोटात पोटहिस्से पाडायचे. पुढे जीपीटी नावाची नवी पद्धत आली. तिच्यात विंडोज १२८ हिस्से करू देतं. आमच्याकडच्या भावकीच्या हाती ही पद्धत आधी लागली असती तर एकेका धुऱ्यापायी कोर्टात पिढ्या गेल्या असत्या.

धुरे पडले, आता सात-बारा. नमुना सातवर जमीन कोणाची ते, नमुना बारावर तिच्यात पीक काय ते. डिस्कवरच्या या दप्तराला फाइल सिस्टीम म्हणतात. कोणती फाइल, किती मोठी, कोणत्या तारखेची, कोणत्या गटात पडलेली, हे सगळं तिथे लिहिलेलं. फॅट नावाचं दप्तर जुनं आणि साधं; मायक्रोसॉफ्टने १९९३ साली आणलेलं एनटीएफएस जास्त शिस्तीचं, लाइन गेली तरी अर्धवट राहिलेला फेरफार ओळखून निस्तरणारं. लिनक्सवाल्यांचं तिसरंच. दप्तर कोणतं ठेवायचं हे ठरवून कोरी पानं बांधून देणं, याचं नाव फॉरमॅट. आणि त्यानंतरची पेरणी म्हणजे विंडोज टाकणं.

आता यातली गंमत अशी की फॉरमॅट मारताना सगळ्यांना वाटतं, आपण वावर नांगरलं, आतलं सगळं उपटून टाकलं. घाईचं फॉरमॅट, ज्याला क्विक म्हणतात, ते वावरात पायसुद्धा ठेवत नाही. ते फक्त नवं दप्तर उघडतं. जुनी पऱ्हाटी जागच्या जागी उभी. फक्त ती कोणाची, हे सांगणारा कागद उरत नाही. एक्सपीमधलं सावकाश फॉरमॅटही फक्त जमीन तपासत फिरे, कुठे खडक लागतो का पाहायला. डिस्कवर शून्यं लिहून खरोखर पुसून काढायची पद्धत विंडोज व्हिस्टापासून आली. साधी फाइल डिलीट करण्यात तर याहून कमी कष्ट. फॅटच्या दप्तरात फाइलच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडून तिथे एक खूण करत, आणि ती जागा रिकामी समजत. १९९१ च्या डॉस ५ मध्ये खोडलेली फाइल परत आणण्याची आज्ञा होती. ती माणसालाच विचारी, की बाबा, याचं पहिलं अक्षर काय होतं? तेवढं आठवलं आणि मध्ये दुसरं पीक उभं राहिलेलं नसलं, तर फाइल जिवंत.

तुकड्यांचं दुखणंही दोन्हीकडे सारखं. फाइल मोठी आणि सलग जागा नाही, की डिस्क तिचे तुकडे करते आणि एक इथे, एक नदीपलीकडे असे पसरते. मग तबकडी वाचणारी सुई सगळ्या शिवारातून धावत फिरते. जमिनीच्या तुकड्यांवर आपल्याकडे १९४७ सालचा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आहे, तरी तुकडे पडतच राहिले. विंडोजचं डीफ्रॅग मात्र रात्रभर रंगीत चौकोन इकडून तिकडे सरकवत एकत्रीकरण करून दाखवी, आणि त्यावर एकही हरकत येत नसे. पूर्वी घरात कोणाला झोप येत नसली की तो हे चौकोन पाहत बसे.

वाटण्या करण्याची सवय मात्र गरजेतून लागली. फॅटच्या जुन्या, १६ बिटांच्या प्रकाराला एका हिश्शात २ जीबीच्या वर जमीन सांभाळता येत नसे. डिस्क ४ जीबीची आली की दोन हिस्से करणं भाग. १९९६ साली फॅट-३२ आलं आणि भाग पाडण्याची सक्ती संपली, पण रीत राहिली. फ्लॉप्यांसाठी राखलेली ए आणि बी ही अक्षरं तर फ्लॉप्या गेल्यावरही कोणी घेतली नाहीत. म्हणून पहिली हार्ड डिस्क आजही सी, आणि तिच्या शेजारी डी.

या सी आणि डीमध्ये आमच्या घरांचा सगळा स्वभाव उतरला. सी म्हणजे दर हंगामाला वखरायचं वावर. तिथे विंडोज राहणार, व्हायरस येणार, फॉरमॅट पडणार. डीला हात लावायचा नाही. बारशाचे फोटो, लग्नाची व्हिडिओ सीडी कॉपी केलेली, मुलीचा बायोडाटा आणि त्याच्या सुधारून वाढवलेल्या आवृत्त्या, आईचे दवाखान्याचे कागद, लोणारच्या सहलीत सरोवरापेक्षा माणसंच जास्त दिसणारे फोटो, आणि ‘न्यू फोल्डर’ नावाची असंख्य फोल्डरं. मेकॅनिक फॉरमॅट मारण्याआधी एकच प्रश्न विचारी.

‘काका, ठेवायचं हाये का काही यातलं?’

‘सारंच ठेवा लागते ना बाप्पा!’

‘मंग फॉरमॅट कायचं मारू?’

‘ते तू पाह्य. पण जागा मोकळी झाली पाह्यजे.’

हसू येतं, पण काकांची मागणी अवास्तव नाही. जगात प्रत्येकाला हेच हवं असतं. घराची रंगरंगोटी व्हावी आणि दारामागची उंची मोजल्याची रेघ तशीच राहावी. गाव बदलावं आणि ओळखीचे तेवढे सोबत यावेत. मशीनला हे समजत नाही. ते बिचारं सगळा डेटा जाईल, पुढे जाऊ का, वाय की एन, एवढंच विचारतं. काय जाईल हे त्याला ठाऊक नसतं, आणि काय ठेवावं हे माणसाला ठाऊक नसतं. फॉरमॅट मारायला लागतात चाळीस मिनिटं. काय ठेवायचं हे ठरवायला पूर्ण घर बसवावं लागतं.

त्यात एक फसगत ठरलेली. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल डोळ्यांसमोर असते, म्हणून माणसाला ती सर्वांत सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात डेस्कटॉप आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ दोन्ही सी ड्राइव्हमध्ये राहतात. म्हणजे दाराच्या चौकटीत ठेवलेलं ते पहिल्यांदा जातं. डेस्कटॉपच्या भिंतीवरचे शेगावचे गजानन महाराजही जात आणि त्यांच्या जागी एक्सपीची ती हिरवी टेकडी येई. हा फोटो चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियात काढलेला. मे महिन्यात, घाटाखालच्या उन्हात, पत्र्याखाली बसून ती टेकडी पाहणाऱ्याला थंड वाटावं की राग यावा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. श्रावणात बुलढाण्याहून राजूर घाट उतरताना तसाच हिरवा रंग फुकट दिसतो, पण तो कोणी मायक्रोसॉफ्टला विकला नाही.

आणि महाराजांपाठोपाठ जाई ती मराठी. तहसीलबाहेरच्या टायपिंगवाल्यांना आणि लग्नपत्रिका छापणाऱ्यांना फॉरमॅटचं खरं भय याचं. ती मंडळी टाइप करत शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांत. यातलं मराठी दिसायलाच मराठी. पोटात इंग्रजी अक्षरांचेच आकडे असत, वर फॉन्टचा अंगरखा. फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला की अंगरखा उतरे, आणि ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी पत्रिकेच्या माथ्यावर कोण्या परदेशी माणसाने रागाच्या भरात बडवलेली अक्षरं उभी राहत. युनिकोडचं मराठी आलं तरी एक्सपीला ते आपसूक कळत नसे. भाषांच्या पानावर जाऊन एका चौकोनात बरोबरची खूण करायची, मग ती सीडी मागे, आणि सीडी तर गाळेवाला घेऊन गेलेला. तोवर मराठीच्या नावाने पडद्यावर रिकाम्या डब्यांची रांग. म्हणून शहाणे टायपिंगवाले फॉन्टचं फोल्डर डीमध्ये ठेवत, पेनड्राइव्हमध्ये ठेवत आणि एक प्रत शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडेही ठेवत.

हा तिसरा शहाणपणा बाकीच्यांना उशिरा कळला. सी आणि डी हे दोन हिस्से खरे, पण जमीन एकच. गारपीट धुरा पाहून थांबत नाही. डिस्कची सुई एकदा तबकडीवर आदळली की सीमधलं विंडोज आणि डीमधलं बारसं सोबतच जातं. धुरा घातल्याने भांडणं मिटतात. नुकसान टळायला दुसऱ्या गावात वावर लागतं.

आता तर जमिनीचा पोतच बदलला. एसएसडीमध्ये तबकडी नाही, सुई नाही, चिपांमध्ये साठवण. तिला डीफ्रॅग लागत नाही, उलट ते केल्याने तिची झीज होते. आणि तिच्यात पऱ्हाटी उभी राहत नाही. फॉरमॅट मारलं की विंडोज तिला ट्रिम नावाची सूचना देतं, इथलं सगळं रिकामं समज. आणि ती इमानाने रिकामं करून टाकते. खोडलेल्या नावाचं पहिलं अक्षर आठवून फाइल परत मिळवण्याचे दिवस बहुतेक संपले. जुनी डिस्क सांगितलेलं अर्धंच ऐके, म्हणून पुष्कळांचे फोटो वाचले. नवी पूर्ण ऐकते.

सीडीही गेली. विंडोज आता स्वतःच विचारतं: माझ्या फाइली ठेव, की सगळं काढून टाक? दोनच पर्याय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत दुरुस्ती थांबली आणि गाळ्यांवर पुन्हा थोडी गर्दी झाली. काही जुनी मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, काहींवर लिनक्स जाणार, काही भंगारात. पण पडद्यावरच्या दोन पर्यायांत आमच्या काकांचा पर्याय नाहीच. तो गाळ्यातल्या पोराकडे होता, आजही आहे. तो न विचारता सगळा डेस्कटॉप उचलून डीमध्ये ‘जुना’ नावाच्या फोल्डरात टाकतो. पुढच्या फॉरमॅटला त्या ‘जुना’सकट सगळं ‘जुना २’ मध्ये जातं, त्याच्या पुढच्याला ‘जुना फायनल’ मध्ये. आमच्याकडच्या काही मशीनमध्ये असे जुने एकमेकांच्या पोटात पाच-सहा थर खोल आहेत, आणि सगळ्यात आत बहुधा एखादी पाच वर्षांपूर्वी झालेल्या लग्नाची पत्रिका असते, अंगरखा उतरलेली.

नेमकेपणाच्या दृष्टीने पाहिलं तर हा गचाळपणा आहे. पुण्याचा एखादा सॉफ्टवेअरवाला भाचा तो पाहून डोकं धरतो आणि सगळं साफ करायला निघतो. त्याला करू देऊ नये. वखर फिरवताना धुऱ्यावरची बाभूळ कोणी तोडत नाही. ती वावराच्या उत्पन्नात धरत नाहीत, पण तिच्याशिवाय आपलं वावर कुठे संपतं हेच कळणार नाही. माणूस नवं मांडायला तयार होतो ते जुनं कुठेतरी ठेवलेलं आहे या भरवशावर. ‘जुना’ उघडून पाहायला वर्षानुवर्षं कोणालाच सवड होत नाही, हे खरं. पण तो डीमध्ये नसता, तर काकांनी पोराला वाय दाबूच दिलं नसतं, आणि ते मशीन आजही २००४ मध्येच ३४ मिनिटांवर अडून राहिलं असतं.